'पळून गेला' आणि 'बरं झालं गेला'

मागच्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर वाद झाला. ग्रुप म्हणजे आठ-दहा टाळकी, जुन्या एलपी जमवणारी, निम्मी पुण्यात आणि दोन-तीन बाहेर. एकाने जॉनी ड्यानीचं १९७८चं कोपनहेगनमधलं रेकॉर्डिंग टाकलं, वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या स्टीव्ह बिकोसाठी केलेलं, आणि खाली दोन ओळी लिहिल्या की हा दक्षिण आफ्रिकेचा डबल बेसवाला, १९६४ला देश सोडला तो सोडलाच. झालं. पहिली कमेंट, "म्हणजे तिकडे पोरं गोळ्या खात होती आणि हा डेन्मार्कमध्ये बसून बिकोवर गाणी करत होता, सोपंय की." त्यावर दुसरा तुटून पडला, "अरे बरं झालं गेला, नाहीतर जन्मभर वस्तीतल्या लग्नात वाजवत राहिला असता, युरोपने घडवला त्याला." पुढे शंभरेक मेसेज, त्यात नेहमीप्रमाणे आपल्याकडचे बाहेर गेलेले लेखक, नट, आयटीवाले सगळे ओढून आणले, आणि रात्री बारा वाजेपर्यंत मूळ रेकॉर्ड कोणी ऐकली असेल असं मला तरी वाटत नाही.

दोन्ही बाजू चूक आहेत, पण सारख्या चूक नाहीत. "पळाला" म्हणणारा निदान कोणावर तरी चिडलेला असतो, फक्त चुकीच्या माणसावर. "बरं झालं गेला" हे जास्त बेकार आहे, कारण ते ऐकायला समंजस वाटतं आणि बोलता बोलता ज्या सरकारने त्या पोराला घराबाहेर काढलं त्यालाच त्याच्या संगीताचं श्रेय देऊन टाकतं. ड्यानी गेला म्हणून मोठा झाला हे खोटं आहे. मोठा व्हायचं सामान घरून बांधून नेलेलं होतं, आणि जाण्याची जी किंमत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मोजली तिचा हिशोब न मांडता "युरोपने घडवलं" म्हणणं म्हणजे घर जळाल्यावर शेजाऱ्याने आसरा दिला म्हणून आग लावणाऱ्याचे आभार मानणं.

आधी माणूस कोण ते तरी बघू. ईस्ट लंडन, म्हणजे लंडनचा पूर्व भाग नव्हे, दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपमधलं हिंदी महासागरावरचं बंदर. तिथली काळ्या लोकांची वस्ती डंकन व्हिलेज, ड्यानी तिथला. त्याच्या लहानपणीच, नोव्हेंबर १९५२मध्ये, ह्याच वस्तीत पोलिसांनी सभेवर गोळीबार केला होता, आणि पुढे साठच्या दशकात इथल्या हजारो लोकांना उचलून शहराबाहेर म्दान्त्सानेला नेऊन टाकलं. पण ह्याच पट्ट्यात मिशन शाळांमुळे कॉयरची, म्हणजे समूहगायनाची, परंपरा घरोघरी होती, आणि जॅझ इतकं की क्वीन्सटाउन ह्या छोट्या गावाला लोक 'लिटल जॅझ टाउन' म्हणायचे. मोंगेझी फेझा, तो छोटासा ट्रम्पेटवाला, त्या क्वीन्सटाउनचा. दुदु पुक्वाना, अल्टो सॅक्सोफोन, पोर्ट एलिझाबेथचा. पियानोवर क्रिस मॅकग्रेगर, गोरा, पण ट्रान्स्कायच्या मिशनमध्ये वाढलेला, त्यामुळे तिथल्या खोसा लोकांचे कॉयर कानात बसलेले. टेनर सॅक्सोफोनवर निकेले मोयाके, ड्रम्सवर केपटाउनच्या लांगा वस्तीतला लुई मोहोलो, आणि बेसवर विशीही न गाठलेला ड्यानी. सहा जण, बँडचं नाव ब्लू नोट्स.

आता ह्या बँडने कुठली पत्रकं वाटली? कुठलीच नाही. पाच काळे आणि एक गोरा एका स्टेजवर उभे राहून वाजवतात, एवढाच काय तो गुन्हा. १९५०च्या ग्रुप एरियाज कायद्याने कोणी कुठे राहायचं ते ठरवलं, १९५३च्या कायद्याने बाकापासून सभागृहापर्यंत सगळं वेगळं केलं, मग एकत्र प्रवास, एकत्र मुक्काम, एकत्र प्रेक्षक, प्रत्येक गोष्टीत पोलीस. "कलाकाराने भूमिका घ्यावी की नुसतं वाजवावं" असला प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नसेल, कारण नुसतं वाजवायचीच तर बंदी होती. १९६४ला फ्रान्समधल्या आंतीबच्या जॅझ फेस्टिव्हलचं निमंत्रण आलं, त्या निमित्ताने पासपोर्ट हातात पडले आणि हे सहा जण निघाले. मग झ्युरिक, तिथे डॉलर ब्रँडच्या, म्हणजे पुढे ज्याचं नाव अब्दुल्ला इब्राहिम झालं त्याच्या मदतीने काम मिळालं, मग लंडन. पैशांची ओढाताण कायमची.

बरं, "पळाला"वाल्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये, आणि मी त्यांच्या बाजूने असतो तर तो त्यांच्यापेक्षा चांगला मांडला असता. वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याचं जे जॅझ लोकांच्या तोंडी बसलं ते परदेशात बनलेलं नाही. अब्दुल्ला इब्राहिमचं 'मॅनेनबर्ग' १९७४ला केपटाउनमध्ये रेकॉर्ड झालं, तो परत येऊन काही काळ राहिला होता तेव्हा. सॅक्सोफोनवाला विन्स्टन मन्कुंकु न्गोझी तर गेलाच नाही. त्याचं 'याखल इन्कोमो' १९६८चं, अर्थ साधारण हंबरणारा बैल, कापायला नेलेला, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं की बैल कोण. हे दोन्ही त्या मातीत उभं राहून केलेलं काम आहे, आणि ज्या लोकांवर ते होतं त्यांनी ते त्याच वर्षी ऐकलं. ड्यानीचं बिकोवरचं गाणं कोपनहेगनमध्ये वाजलं, डॅनिश लेबलवर निघालं, आणि बिकोचं गाव डंकन व्हिलेजपासून गाडीने तासाभरावर. तिथल्या किती पोरांच्या कानावर ते तेव्हा पडलं असेल? हा प्रश्न टोचतो, टोचायलाच पाहिजे.

पण जरा पुढे जाऊ. जो राहिला त्या मन्कुंकुला गोऱ्यांच्या कार्यक्रमात पडद्याआड उभं राहून वाजवावं लागलं, नाव बदलून, 'विन्स्टन मान' म्हणून. सूर चालतो, सूर काढणारा चालत नाही. सॅक्सोफोनवाला किपी मुकेत्सी, ज्याला तिथले लोक आपला चार्ली पार्कर (अमेरिकेचा थोर सॅक्सोफोनवाला) म्हणायचे, तोही घरीच राहिला, वर्षं वाया गेली, दारू वाढली, १९८३ला हलाखीत गेला. आणि ब्लू नोट्समधला मोयाके, तो तर युरोपातून परत गेला, पहिल्या काही महिन्यांतच, करमेना म्हणून, आणि घरी पोचल्यावर थोड्याच काळात वारला. म्हणजे ह्या गोष्टीत परत जाणाराही आहे, राहणाराही आहे, जाणाराही आहे. ह्यातला शूर कोण हे ठरवायला पुण्यातल्या फ्लॅटमध्ये फॅनखाली बसलेले आपण कोण लागून गेलो?

ही भाषा नवीनही नाही. १९४५ला जर्मनी पडल्यावर फ्रांक थीस नावाच्या लेखकाने देश सोडून गेलेल्या थॉमस मानसारख्या लेखकांना सुनावलं होतं की आम्ही आत राहून सोसलं, तुम्ही बाहेर प्रेक्षकांत बसून आमची शोकांतिका बघितलीत. त्यावर मानही तितकाच कडाडला, म्हणाला की १९३३ ते १९४५मध्ये जर्मनीत छापलेल्या पुस्तकांना रक्ताचा आणि लाजेचा वास येतो. दोघांचीही वाक्यं गाजली आणि दोन्ही अन्यायाची होती, कारण आत राहिलेला प्रत्येक जण लाचार नव्हता आणि बाहेर गेलेला प्रत्येक जण प्रेक्षक नव्हता. मजा अशी की ही भांडणं ज्याच्यामुळे लागतात तो नेहमी नामानिराळा राहतो. घरातली दोन भावंडं एकमेकांना "तू गेलास", "तू राहिलास" म्हणत बसतात आणि दाराला कुलूप लावणारा मजेत.

आपल्याला एवढ्या लांबही जायला नको. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातला आद्य माणूस, १९४६ला पोर्तुगीजांनी पकडला, थेट पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन डांबला, पुढे सुटून मुंबईत आला आणि मुंबईतूनच काम करत १९५८ला तिथेच वारला. गोवा मोकळा झाला १९६१ला. त्याला कोणी म्हणतं का की मुंबईत बसून गोव्याच्या गप्पा मारत होता? नाही म्हणत, कारण मुंबई आपल्याला परदेश वाटत नाही. कोपनहेगन वाटतो, तिथे बर्फ पडतो, म्हणून तिथला माणूस सुखात असणार असं आपण गृहीत धरतो. खरं तर ह्या वादातला अर्धा राग विमानाच्या तिकिटाचा असतो.

आता दुसऱ्या बाजूकडे येतो, आणि हिचे मुद्दे मला मनापासून मान्य आहेत, म्हणूनच हिच्याशी भांडण जास्त आहे. ड्यानीने युरोपात जे वाजवलं ते जोहान्सबर्गमध्ये त्या काळात वाजलं नसतं हे उघड आहे. १९६६ला तो आणि मोहोलो अमेरिकन सॅक्सोफोनवाल्या स्टीव्ह लेसीबरोबर आणि इटलीच्या एन्रिको रावाबरोबर अर्जेंटिनाला गेले, तिथे लष्करी उठाव झालेला, कामं नाहीत, परतीचे पैसे नाहीत, ब्यूनोस आयर्समध्ये कित्येक महिने अडकून पडले, आणि त्या अडकण्यातून एक लाइव्ह रेकॉर्ड निघाली जी आजही फ्री जॅझवाले जपून ठेवतात, आधी ठरवलेलं जवळजवळ काही नाही, चौघं एकमेकांचं ऐकत पुढे चाललेत. लंडनमध्ये इंग्रज पोरांना ह्या लोकांनी हलवून सोडलं. सत्तरच्या सुरुवातीला ड्यानी स्कॅन्डिनेव्हियाकडे सरकला, तिथे तुर्की तालवादक ओकाय तेमिझ आणि फेझाबरोबर त्रिकूट, मग अमेरिकन ट्रम्पेटवाला डॉन चेरी, मग १९७३ला अब्दुल्ला इब्राहिमबरोबर ती दोघांचीच रेकॉर्ड, फक्त पियानो, बेस, थोडी बासरी आणि दोघांचे आवाज. एवढी वेगवेगळी माणसं एका माणसाच्या आयुष्यात आली ती बाहेर गेल्यामुळे आली. हे सगळं मान्य.

मग प्रश्न असा की त्या माणसांसमोर तो काय घेऊन उभा राहिला? त्या दोघांच्या रेकॉर्डची सुरुवात 'न्त्सिकानाची घंटा' ह्या गाण्याने होते. न्त्सिकाना १८२१ला वारला, खोसा लोकांमधला संतकवी म्हणा, त्याने रचलेली भजनं तिकडे दीडशे वर्षं तोंडी चालत आली होती. ती डॅनिश कॉन्झर्व्हेटरीत शिकवत नाहीत, ती डंकन व्हिलेजमध्ये आजी शिकवते. आणि त्याच्या बेसकडे नीट कान लावा. खोसांचं एक वाद्य आहे, उहादी, धनुष्याला भोपळा लावलेला, एकच तार, काडीने मारायची. त्यातून मुख्य स्वर दोनच निघतात, एकमेकांपासून साधारण एका स्वराच्या अंतरावर, आणि बाकीचं गाणं त्या दोन स्वरांच्या वर जे बारीक नाद उमटतात त्यातून उभं राहतं. ड्यानी दोन-तीन स्वरांचा एक तुकडा धरतो, तो फिरवत राहतो, फिरवत राहतो, आणि वर सॅक्सोफोनवाले काय आकांडतांडव करायचं ते करतात. मला त्यात ते उहादीचंच डोकं ऐकू येतं, आपल्या भजनात टाळकरी ठेका धरून ठेवतो आणि बुवा मोकळे सुटतात तसं काहीसं (एकदम तसंच नाही, पण ग्रुपमधल्या एकाला असं सांगितल्यावर त्याला पटकन कळलं म्हणून लिहितोय). युरोपने त्याला वेळ दिला, स्टेज दिलं, टेपरेकॉर्डर दिला. ह्याबद्दल युरोपचे आभार. घडवलं म्हणू नका.

आणि "नाहीतर लग्नात वाजवत राहिला असता" ह्यात जी तुच्छता आहे ना, ती तर मला अजिबात झेपत नाही. एक म्हणजे लग्नात वाजवणं काय कमी आहे का. दुसरं, १९६३च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे निघण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, मॅकग्रेगरने जोहान्सबर्गमध्ये एक मोठा बँड उभा केला होता, किपी मुकेत्सी त्यात, पुक्वाना त्यात, सगळं स्थानिक लोकांचं संगीत, आणि त्याची एलपी आहे, ऐकता येते. सव्वीस वर्षांचा मॅकग्रेगर हे करत होता! हा काही मागासलेला कोपरा नव्हता जिथून हुशार पोराने बाहेर पडावं, हे जगातल्या कुठल्याही जॅझच्या शहराशी तोलता येईल असं काहीतरी ऐन भरात येत होतं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सरकारने ते उधळून टाकलं. कोणी बाहेर, कोणी पडद्याआड, कोणी दारूत. रेडिओ तर आधीच भाषेभाषेप्रमाणे वाटून टाकलेला, झुलूंनी झुलू ऐकावं, खोसांनी खोसा, एकत्र काही ऐकूच नये. 'बाहेर गेला म्हणून अमुक रेकॉर्ड झाली' हे आपल्याला दिसतं कारण रेकॉर्ड हातात धरता येते. त्या बँडची दुसरी, तिसरी, दहावी रेकॉर्ड झालीच नाही, ती हातात कशी धरणार? फक्त जमेची बाजू दाखवणारा ताळेबंद कुठलाही सीए पास करणार नाही, पण कलेच्या बाबतीत आपण सर्रास करतो.

खर्चाची बाजू मी लिहितो. मोयाके साठच्या दशकातच गेला, वर आलंच. फेझा डिसेंबर १९७५ला लंडनच्या मनोरुग्णालयात न्यूमोनियाने गेला, वय तीस. राहिलेले चौघं काही दिवसांत स्टुडिओत जमले आणि फारसं काही न बोलता कित्येक तास वाजवत राहिले, ती रेकॉर्ड निघाली, ट्रम्पेटशिवाय. ड्यानी ऑक्टोबर १९८६ला पश्चिम बर्लिनमध्ये कार्यक्रमात कोसळला आणि उठला नाही, वय चाळीसच्या आसपास. फेब्रुवारी १९९०ला मंडेला सुटला, त्याच मे महिन्यात मॅकग्रेगर गेला आणि जूनमध्ये पुक्वाना. २७ एप्रिल १९९४ला त्या देशात सगळ्यांनी पहिल्यांदा मत टाकलं, तो दिवस सहांपैकी एकट्या मोहोलोने पाहिला. तो २००५ला घरी परतला, आणि २००७ला सरकारने ब्लू नोट्सला राष्ट्रीय सन्मान दिला तेव्हा तो बघायला सहा जणांतला तोच एक होता. सहांतले पाच! आणि आपण म्हणायचं बरं झालं गेले.

कोणी म्हणेल की अल्पायुषी जॅझवाले तर न्यूयॉर्कमध्येही मेले, दारू, ड्रग्ज, रात्रीची जागरणं, त्यात वर्णभेद कशाला आणता. ठीक आहे, प्रत्येक मरणाचं बिल प्रिटोरियाला, म्हणजे तिथल्या सरकारला, पाठवता येणार नाही हे मलाही कळतं. पण न्यूयॉर्कच्या माणसाला आईच्या अंत्यविधीला घरी जाता येत होतं. गायिका मिरियम मकेबाला १९६०ला आई गेली तेव्हा परत जाऊ दिलं नाही, पासपोर्ट रद्द. जाताना खूप जणांना एकतर्फी परवाना मिळायचा, सही करायची की पुन्हा येणार नाही, मग जा. अशी सही करून वीस वर्षं परक्या थंडीत काढली की माणसाचं काय होतं ह्यासाठी दारूची वेगळी कारणं शोधावी लागत नाहीत.

ह्या सगळ्यात आपला, म्हणजे भारताचा, एक खरा धागा आहे, आणि वाद घालणाऱ्यांना तोही आठवला नाही. १९४६ला दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा आणि प्रश्न युनोत नेणारा पहिला देश आपणच. बाबांच्या जुन्या पासपोर्टवर स्पष्ट लिहिलेलं होतं की हा दक्षिण आफ्रिकेसाठी चालणार नाही, आम्ही लहानपणी ते वाचून हसायचो की एवढं जग सोडून ह्याच देशाचं काय वाकडं आहे. १९७४ला डेव्हिस कपच्या फायनलला आपण पोचलो, समोर दक्षिण आफ्रिका, अमृतराज बंधू भरात, आणि आपण खेळलोच नाही, कप त्यांना गेला. तेव्हाही लोक म्हणालेच असणार की खेळात राजकारण कशाला. पण बहिष्कारालाही किंमत होती आणि ती आतल्या लोकांनीही मोजली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ड्यानी गेला त्याच १९८६मध्ये, दोनच महिने आधी, अमेरिकन गायक पॉल सायमनची 'ग्रेसलँड' ही रेकॉर्ड आली, जोहान्सबर्गला जाऊन आतल्या वादकांबरोबर केलेली, आणि बहिष्कार मोडला म्हणून जगभर गदारोळ झाला. त्यात फ्रेटलेस बेस वाजवणारा सोवेटोचा बकिथी कुमालो. त्याच्या बेसचा तो सुप्रसिद्ध तुकडा माहीत नसेल असा माणूस सापडणं कठीण, तुम्हीही लिफ्टमध्ये, मॉलमध्ये ऐकलेला आहे. पुढे तोही अमेरिकेतच राहिला. त्याला कोणी पळपुटा म्हटलं नाही, हुतात्माही नाही, त्याने काम केलं, जगाने ऐकलं. मला त्याचा हेवा नाही वाटत, ड्यानीच्या नशिबी मात्र हे साधं वादकपण आलंच नाही, त्याच्या प्रत्येक सुराला आधी विचारलं गेलं की तू कुठे होतास.

ग्रुपवर मी एवढं सगळं लिहिलं नाही, लिहिलं असतं तर मलाच म्यूट केलं असतं. मी फक्त एक रेकॉर्ड टाकली. १९८७ची, ड्यानी गेल्यावर उरलेल्या तिघांनी त्याच्यासाठी केलेली, पुक्वाना, मॅकग्रेगर आणि मोहोलो. सॅक्सोफोन, पियानो, ड्रम्स. युरोपात तोवर त्यांच्या ओळखीचे बेसवाले पुष्कळ असणार, एकाला बोलावणं काही अवघड नव्हतं. त्यांनी बोलावलं नाही. मॅकग्रेगरचा डावा हात मधूनच खाली जातो, जिथे ड्यानी असायचा तिथे, आणि थोडा वेळ थांबून परत वर येतो. "बेस कुठाय?" असं एकाने विचारलंय, अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.